गाद्या, गारा आणि माझा अंदाज

मी सांगितलेला हवामानाचा अंदाज आजवर फक्त एकदाच चुकला. बाकी दर वेळी मी सांगितलेला पाऊस पडला म्हणजे पडलाच. एवढंच, की तो आमच्या घरी पडला नाही. कधी तारनाक्याला पडला, कधी कुकटपल्लीच्या रानात पडला. एकदा तर नुसता मुशी नदीच्या पलीकडच्या काठाला पडला, आणि अलीकडची माणसं कोरड्या अंगानं उभी राहून पलीकडच्यांची पळापळ बघत होती. आता यात माझा काय दोष?

पण आधी माझ्या नोकरीचा खुलासा करतो. हैदराबादच्या हवामान कचेरीत मी होतो हे खरं. पण होतो तो टपाल धाडणारा कारकून. साहेब लोक फुगे सोडत, नकाशे काढत, आपसात इंग्रजीत भांडत आणि त्यातून रोज एक पत्रक निघे. ते सायक्लोस्टाईलवर फिरवायचं, घड्या घालायच्या, पाकिटात कोंबायचं आणि वर पत्ता लिहायचा, इतकाच माझा हवामानशास्त्राशी संबंध. बोटांना लागे तेवढी शाई, हीच माझी विद्या! मात्र नल्लकुंट्यात आमच्या गल्लीत हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि मी कळू दिलं नव्हतं. घरमालक मल्लय्यागारू सकाळी म्हशीची धार काढता काढता मला विचारत, "दत्तय्या, ई रोजु वान उंदा?" म्हणजे आज पाऊस आहे का? मी आभाळाकडं बघायचो, डोळे बारीक करायचो आणि म्हणायचो, "बघू." ('बघू' हा एकच अंदाज असा आहे, की तो कुठल्याही ऋतूत खरा ठरतो.)

घरात मात्र 'बघू'वर भागत नसे. घरात माझी माय होती. आमचं मूळ गाव परभणीकडचं, काळ्या रानाचं. मायनं निम्मा जन्म कापसाच्या शेतात काढलेला, त्यामुळं तिला आभाळाची पक्की माहिती हवी असे. त्या उन्हाळ्यात मी तिला तीनदा सांगितलं, की आज वादळी पाऊस येणार. पहिल्या वेळी वैनींनी गच्चीवर वाळत घातलेले गहू घाईघाईनं आत आणले. दिवसभर असं ऊन पडलं, की गच्चीवर पोळी भाजली असती. दुसऱ्या वेळी माझा थोरला भाऊ, दादा, रबरी रेनकोट घालून कचेरीत गेला आणि संध्याकाळी वाफवलेल्या कणसासारखा होऊन परत आला. तिसऱ्या वेळी मल्लय्यागारूंच्या पोरीचा साखरपुडा होता. माझ्या शब्दावर त्यांनी अंगणातला मांडव सोडला आणि साठ माणसं दोन खोल्यांत कोंबली. पाऊस आला नाही. नवऱ्या मुलाच्या मामाला घेरी आली.

"अरे, पण त्या कागदात लिहिलंय तरी काय?" मायनं विचारलं.

"लिहिलंय, की हैदराबादेत आणि आसपास एखाद्या ठिकाणी गडगडाटी पाऊस."

"एखाद्या ठिकाणी म्हणजे कुठं? नाव सांग की त्या जागेचं!"

"नाव नसतं माय. एखाद्या ठिकाणी म्हणजे... एखाद्या ठिकाणी."

"मग सायबाला एवढंच विचारून ये, की आपलं घर त्या एखाद्यात आहे का नाही."

मी खरोखरच विचारलं! आमचे नायडूसाहेब हे देवमाणूस. त्यांनी मला हाकलून दिलं नाही. ते कारकुनांशी दखनीत बोलत. हातातली पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "दत्ता, अम्मा को ऐसा बोलो. ये पूरे मैदान पे सौ देगचियां चढ़ी हैं. नीचे आग लगी सो है, सब में पानी गरम होरा. कौनसी पैले उबलके ढक्कन फेंकती, वो सुबू-सुबू मैं कैसा बोलूं? उबलने लगी तो बोल सकतूं. घंटा भर पैले."

मग त्यांनी मला खिडकीशी नेऊन ढगाची चाल समजावली. आधी फुलकोबीसारखा ढग डोकं वर काढतो. मग ते डोकं लोहाराच्या ऐरणीसारखं सपाट पसरतं. ऐरण दिसली, की हातात फार तर पाऊण तास. आणि काही झालं तरी झाडाखाली उभं राहायचं नाही. मी घरी येऊन मायला सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "उकळल्यावर तर मलाही दिसतं. मग सायबाला पगार कशाचा?"

एवढ्यात आमच्या घरात दुसरंच वादळ सुरू झालं होतं, आणि त्याचा अंदाज कुठल्याच पत्रकात नव्हता.

राज्य मोडल्यानंतरचा तो पहिलाच उन्हाळा. आमच्या जुन्या हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले होते. तेलुगू मुलूख आंध्राला, कानडी मुलूख म्हैसूरला, आणि आमचा मराठवाडा मुंबई राज्याला. मुलखांबरोबर कारकुनांच्याही याद्या लागल्या. दादाचं नाव औरंगाबादच्या यादीत निघालं. माझी कचेरी दिल्लीच्या ताब्यातली, तेव्हा मी हैदराबादेतच. आजवर एका चुलीवर जेवलेलो आम्ही दोघं भाऊ आता दोन राज्यांत राहणार होतो. आमचे वडील, आबा, जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात वाटून घेण्यासारखं होतं तरी काय? चार पितळी भांडी, एक कपाट... आणि गाद्या.

गाद्या दहा होत्या आणि त्यांतला कापूस आबांच्या स्वतःच्या रानातला होता. दर दिवाळीला गावाहून येताना ते एक गाठोडं घेऊन येत. त्यामुळं त्या गाद्यांवरून आमच्या घरात जे झालं, ते सोन्यावरून झालं नसतं.

"औरंगाबादेत थंडी जास्त," वैनी म्हणाल्या. "आम्हाला सहा लागतील."

"पण पाव्हणे तर सगळे इकडंच येणार," माझी बायको सुमन म्हणाली. "दवाखान्याला येतात, कोर्टाला येतात. त्यांना काय फरशीवर निजवायचं?"

यात मी तोंड घालायला नको होतं. मी घातलं. म्हणालो, "दादा जातोच आहे, तर सगळंच घेऊन जाऊ दे की!"

विनोद म्हणून बोललो होतो. दादा हसला नाही. त्याचा चेहरा उतरला. "मी जात नाही दत्ता," तो म्हणाला. "मला पाठवायलेत." आणि त्या क्षणापासून त्यानं माझ्याशी बोलणं सोडलं. जेवताना मीठ हवं असलं, तरी तो सुमनला सांगे, सुमन मला सांगे, आणि मी माझ्यापुढचं मीठ त्याच्याकडं सरकवत असे.

शेवटी मायनं निकाल दिला. दहाही गाद्या उसवायच्या. सगळा कापूस एकत्र करायचा, पिंजून घ्यायचा आणि नव्यानं सारख्या दहा गाद्या भरायच्या. पाच ह्याला, पाच त्याला. "बापाच्या कापसात डावं-उजवं नको," ती म्हणाली. दादाचं सामान मंगळवारी जाणार होतं, म्हणून पिंजारी करीमभाईंना रविवारचं सांगितलं.

आणि शनिवारी ते पत्रक आलं.

मी स्वतःच्या हातानं ते सायक्लोस्टाईलवर फिरवलं. रविवारी दुपारनंतर, हैदराबादेत आणि आसपास, एखाद्या ठिकाणी सोसाट्याच्या वाऱ्यासह गडगडाटी पाऊस; गारांची शक्यता. कागद देताना नायडूसाहेब आपण होऊन म्हणाले, "कल जरा संभलके रैना दत्ता. ये वाला तगड़ा दिखरा."

मी घरी आलो. खरं सांगतो, सांगायचं असं ठरवूनच आलो होतो. मायनं विचारलं सुद्धा, "उद्या काय म्हणते तुझी कचेरी?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात वर्तमानपत्राच्या आडून दादाचा आवाज आला. दोन दिवसांत तो पहिल्यांदाच माझ्याविषयी काही बोलत होता.

"त्याला काय विचारतेस माय? तारनाक्याच्या लोकांना विचार!"

वैनी हसल्या. सुमन हसली. (माझी बायको! लग्नाची!) माझ्या मस्तकात काहीतरी गेलं.

"उद्या काही नाही," मी म्हणालो. "लख्ख ऊन. ढगाचं नाव नाही."

रविवारी सकाळी खरंच ढगाचं नाव नव्हतं. आभाळ घासूनपुसून ठेवलेल्या परातीसारखं. करीमभाई खांद्यावर पिंजण घेऊन आले. अंगणात चटया अंथरल्या, दहा गाद्या उसवल्या, आणि बघता बघता आबांच्या कापसाचा डोंगर उभा राहिला. धुतलेल्या खोळी दोरीवर टाकल्या. करीमभाईंच्या पिंजणाची तात तुंय्य-तुंय्य वाजू लागली. दादाच्या ट्रंकाही अंगणात आणल्या, ऊन दाखवायला म्हणून. मी खुर्ची टाकून बसलो होतो, जसं काही ऊन मीच पाडत होतो.

तासाभरानं करीमभाई थांबले. त्यांनी तातेवर बोट फिरवलं, चिमूटभर कापूस उचलून चोळला आणि आभाळाकडं बघितलं.

"दत्ताबाबू, तांत बोलती नै आज. रुई चिकटरी. हवा में पानी है. आंधी आती दिखरी."

"करीमभाई," मी म्हणालो, "हवामान कचेरीत तुम्ही आहात का मी?"

"आपीच हैं साब," ते नम्रपणे म्हणाले आणि परत पिंजू लागले. पण मधूनमधून ते आपल्या जोड्यांकडं बघत होते, हे माझ्या लक्षात आलं.

मग मल्लय्यागारू आले. त्यांच्या घरी वर्षाच्या मिरच्या येऊन पडल्या होत्या. "दत्तय्या, गालिवान वस्तुंदा?" वादळवारं येणार का?

अंगणात सगळे ऐकत होते. दादा ट्रंक उघडून बसला होता, त्याची पाठ माझ्याकडं होती, पण कान माझ्याकडं होते.

"रादु!" मी ठणकावलं. येणार नाही! "एक थेंब पडला, तर नाव बदलीन!"

त्या शब्दावर मल्लय्यागारूंनी दोन पोती लाल मिरच्या गच्चीवर पसरल्या. साखरपुड्याला मामा पडला, तरी या माणसाचा माझ्यावर विश्वास! असे घरमालक आता मिळत नाहीत.

दुपारचं जेवण झालं. उकाडा असा, की झाडाचं पान हलेना. तीनच्या सुमारास मी सहज पश्चिमेकडं पाहिलं. कुकटपल्लीच्या अंगाला, पार टोकाला, एक छोटी फुलकोबी दिसत होती.

मी दुसरीकडं पाहिलं. पुन्हा पाहिलं. फुलकोबी मोठी झाली होती.

'लांब आहे,' मी मनाशी म्हणालो. 'एखाद्या ठिकाणी पडायचाय, तो तिकडंच पडेल.' पंधरा मिनिटांनी त्या कोबीचं डोकं सपाट होऊन पसरू लागलं. ऐरण! नायडूसाहेबांनी सांगितलेली, जशीच्या तशी, पाठ्यपुस्तकात छापावी अशी ऐरण! अख्ख्या नल्लकुंट्यात तिचा अर्थ समजणारा एकटा मी होतो, आणि तो सांगायची सोय मी स्वतःच्या तोंडानं घालवून बसलो होतो.

"माय," मी जमेल तितक्या सहज आवाजात म्हणालो, "कापूस आता आत घेऊ या का?"

"का रे?"

"नाही... त्याला ऊन लागतंय फार."

मायनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी लहानपणी विहिरीत पडलो होतो तेव्हाही तिनं तसं पाहिलं नव्हतं. "कापसाला ऊन लागतंय? अरे, कापूसवाल्याच्या पोटचा ना तू?"

"भावजींना चहा पाहिजे असंल," वैनी म्हणाल्या.

"मग खोळी तरी आत घेऊ! रंग उडतो."

"पांढऱ्या आहेत," सुमन म्हणाली.

"पांढरा सुद्धा उडतो!" मी ओरडलो. आता सगळेच माझ्याकडं बघू लागले. फक्त करीमभाई बघत नव्हते. ते पिंजण आवरून, जोडे घालून ओसरीत जाऊन उभे होते.

आणि वारा आला.

तो आधी रस्त्यावर दिसला. धुळीची एक भिंतच गल्लीतून चालत आली. मग ती आमच्या अंगणात शिरली आणि आबांचा सगळा कापूस उठून उभा राहिला. हे मी वाढवून सांगत नाही. तो डोंगर जमिनीपासून सुटला, क्षणभर माणसासारखा उभा राहिला आणि मग दाही दिशांना निघाला. खोळी दोरीवरून सुटून, पोटात हवा भरून, मल्लय्यागारूंच्या कौलांवरून पार झाल्या. वैनींनी एक धरली, तर ती वैनींनाच घेऊन चार पावलं गेली. सुमन चटईवर पालथी पडून पोटाखाली जेवढा सापडेल तेवढा कापूस दाबून बसली. आणि वरून, गच्चीवरून, मिरच्या यायला लागल्या!

ज्यानं लाल मिरच्यांचं वादळ अनुभवलं नाही, त्याला मी काय सांगू? डोळे उघडता येईनात, तोंड उघडता येईना, आणि शिंका थांबेनात. माय शिंकता शिंकता ओरडत होती, "तुझा... आक्छीं... लख्ख ऊन... आक्छीं... मेल्या!" मल्लय्यागारू गच्चीच्या जिन्यात बसून तेलुगूत माझं नाव बदलत होते.

मग कडकडाट झाला आणि गारा सुरू झाल्या. आम्ही सगळे ओसरीत पळालो. मायनं सवयीनं डोकी मोजली, आणि एक डोकं कमी भरलं.

"विश्वनाथ कुठाय?"

दादा अंगणाच्या टोकाला होता. मल्लय्यागारूंच्या मोठ्या कडुनिंबाखाली. त्यानं एका खोळीत जमेल तेवढा कापूस कोंबला होता आणि ती खोळ छातीशी धरून तो बुंध्याला चिकटून उभा होता. आभाळ काळंनिळं झालं होतं, विजा तर अशा, की मधे श्वास घ्यायला जागा नाही. एकाएकी मला साहेबांची खिडकी आठवली.

"दादा, झाडाखालून ये!"

"इथं कोरडं हाय!" तो ओरडला. तीन दिवसांत तो पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलला.

"वीज पडेल! इकडं ये!"

"तुझे अंदाज बस झाले आता! एकदा तरी खरं झालंय का तुझं?"

मी ओसरीतून खाली उतरलो. पहिली गार टाळूवर अशी बसली, की डोळ्यांपुढं दिवसाढवळ्या तारे चमकले. पण पळत गेलो आणि अंगणाच्या मध्यावर उभा राहून जिवाच्या आकांतानं ओरडलो, "माझा अंदाज नाही हा, साहेबाचा आहे! कालच पत्रक आलंय! वादळ, गारा, सगळं लिहिलंय त्यात! मला माहीत होतं दादा! तू टोमणा मारलास म्हणून मी खोटं बोललो! माहीत होतं मला!"

आजूबाजूला गारा टणाटण नाचत होत्या. मग दादाला अर्थ कळला.

दादा झाडाखालून निघाला तो जीव वाचवायला नव्हे. मला बडवायला निघाला. एका हातात कापसाची खोळ, दुसरा हात उगारलेला, चपला कधीच गेलेल्या. "माहीत होतं? तुला माहीत होतं?" असं ओरडत तो माझ्या अंगावर आला. मी पळालो नाही. पळायला तोंडच नव्हतं. तो हातभर अंतरावर पोचला, आणि त्याच्या पाठीमागं असा आवाज झाला, की मला वाटलं जमीनच फाटली.

कडुनिंबाची मोठी फांदी, माणसाच्या कमरेएवढी जाड, खाली आली होती. दादा उभा होता तिथंच. बुंध्याला चिकटून.

आम्ही दोघंही तिकडं बघत राहिलो. गारा पडतच होत्या. दादाचा उगारलेला हात तसाच वर राहिला होता. मग तो हळूहळू खाली आला, माझ्या खांद्यावर पडला आणि तिथंच राहिला. तो काहीतरी बोलणार होता, पण त्याला शिंक आली.

पाऊण तासात सगळं शांत. ऊन सुद्धा पडलं! (लख्ख. मी सांगितल्याप्रमाणे. पण हे बोलून दाखवायची माझी छाती झाली नाही.) अंगणात येऊन पाहतो, तर गल्लीभर कापूस. तारांवर कापूस, कौलांवर कापूस, समोरच्या पेरूला कापूस. मल्लय्यागारूंची काळी म्हैस ओला कापूस अंगभर माखून अशी पांढरी झाली होती, की त्यांची बायको "हे कोणाचं जनावर शिरलं?" म्हणून काठी घेऊन धावली. आमची माय तोवर पायरीवर बसून दादाच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिनं ती म्हैस पाहिली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. ती हसता हसता रडायला लागली, आणि मग कोणालाच काही कळेना, की नक्की काय करायचं ते.

पुढचे तीन दिवस गल्लीतली माणसं कापूस आणून देत होती. कोणी परडीत, कोणी ओच्यात. मल्लय्यागारूंनी तर गच्चीचा पन्हाळ साफ करून त्यातला सुद्धा आणला, वर त्यातल्या मिरच्या निवडायला एक माणूस दिला. मी माफी मागायला गेलो, तर म्हणाले, "पोनी दत्तय्या." जाऊ दे. "पण पुढल्या वेळी मला नुसतं बघू म्हण." दादानं मंगळवारचं जाणं पुढं ढकललं आणि नव्या कचेरीला तार केली, की गाद्या ओल्या असल्यामुळं रुजू होण्यास विलंब. तारबाबूनं कारण तीनदा विचारून घेतलं आणि तिन्ही वेळा बाहेरच्या माणसाला वाचून दाखवलं.

त्या दिवसांत आम्ही सगळेच एका सतरंजीवर निजलो. वैनी आणि सुमन दिवसभर ओसरीत बसून कापसातल्या मिरच्या वेचत, शिंकत आणि एकमेकींच्या नाकाकडं बघून हसत. शेवटी कापूस वाळला, करीमभाईंनी पिंजला (माझ्याकडं एकदाही न बघता, हा त्यांचा मोठेपणा), आणि गाद्या भरल्या त्या सात झाल्या. आता सातांची वाटणी कशी करायची?

"तुम्ही चार न्या," सुमन म्हणाली. "तिकडं थंडी असते."

"नको, तुम्हीच ठेवा चार," वैनी म्हणाल्या. "पाव्हणे तुमच्याकडं येणार."

दोघी असं बराच वेळ भांडल्या; आधीपेक्षा जोरात. मायनं मधेच उठून सातवी गादी गुंडाळली आणि आपल्या ट्रंकेवर ठेवली. "ही माझी," ती म्हणाली. "मी जिकडं जाईन, तिकडं ही येईल. आणि जास्त कुठं ठेवून घेऊ नका मला, दोन्हीकडं यायचंय." ती पहिल्यांदा दादाबरोबर गेली. गाडी हलताना दादानं खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात धरला आणि तो फलाट संपेपर्यंत सोडला नाही. मी बरोबर धावत होतो आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. मी सुमनला सांगितलं, मिरचीमुळं. ती बरं म्हणाली.

राहता राहिले नायडूसाहेब. वादळाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी कचेरीत गेलो तर साहेब हैराण. नल्लकुंट्याला जबर गारा पडल्याची बातमी आलेली, पण गार केवढी होती ते कोणीच मोजलं नव्हतं, आणि वर कळवायला आकडा हवा होता.

"दत्ता, तुम वहीं रैते ना? गार कित्ती बड़ी थी?"

"साहेब, मी मोजली नाही," मी खाली मान घालून म्हणालो.

खाली मान घातल्यामुळं त्यांना माझी टाळू दिसली. ते खुर्चीवरून उठले. जवळ येऊन त्यांनी माझ्या टेंगळाला चारी बाजूंनी पट्टी लावली, दोनदा मोजलं, समाधानानं मान हलवली आणि आकडा नोंदवहीत लिहिला. तीस वर्षं मी त्या कचेरीत काढली. माझ्या डोक्याचा तिथं कोणाला उपयोग झाला, तो एवढा एकदाच.